चुन्यावरचा थेंब

थेंब जांभळाच राहिला.

अक्षराचा एक हात हेल्मेटच्या पट्ट्यात अडकला होता आणि दुसऱ्या हातानं ती चपलांच्या मांडणीवर स्कूटीची किल्ली चाचपत होती. मागं जेवणाच्या टेबलाशी तिच्या वडलांनी, अण्णांनी, फळाच्या भुकटीचा कप खाली ठेवला, तो नेमका आत्याच्या पानाच्या डब्याला खेटून. कप डचमळला, काठावरून एक थेंब निसटला आणि चुन्याच्या उघड्या डबीत पडला. "पाड, चुन्यात बी पाड आता," आत्या म्हणाली, "म्हंजी उद्यापासनं पान बी जांभळं." अण्णा हसले, पंच्याच्या टोकानं मिशा टिपल्या. अक्षरानं किल्ली उचलली, दार उघडलं, दोन पायऱ्या उतरली आणि तिथंच थबकली. काहीतरी चुकलं होतं. गॅस चालू राहिला, मोबाईल घरात राहिला, तसल्यांपैकी हे नव्हतं. गणितात मधल्या एका ओळीत चिन्ह चुकावं आणि डोळ्यांनी ते नुसतं ओलांडून जावं, तसं काहीतरी. ती परत वर आली आणि डबीवर वाकली. ओल्या पांढऱ्या चुन्यावर टपोरा डाग, कडांना जरा फाकलेला आणि अजूनही जांभळा. तो हिरवा व्हायला हवा होता.

"काय राह्यलं गं?" आत्यानं विचारलं.

"काही नाही." अक्षरानं ओट्यावरचा काळ्या झाकणाचा डबा उघडला, चिमूटभर भुकटी कागदात बांधली आणि पुडी पर्समध्ये टाकली. आत्या तिच्या बोटांकडं बघत राहिली, मग एकदम घाईनं सुपारी कातरायला लागली.

उमरग्याच्या बगलेनं जाणाऱ्या हमरस्त्यावर सकाळी हैदराबादकडं निघालेल्या ट्रकांची रांग असते. त्यांच्या मागच्या फळ्यांवरची अक्षरं वाचत अक्षरा रोज प्रयोगशाळेत जायची. एका डॉक्टरांच्या दवाखान्याखाली रक्त-लघवी तपासायची दोन खोल्यांची जागा, तिला सगळे लॅब म्हणत. आज तिनं एकही फळी वाचली नाही. तिच्या डोळ्यांपुढं तो थेंब होता आणि थेंबाच्या आत रेणूची आकृती. एमएस्सीला तिनं करवंदाच्या रंगद्रव्यावर काम केलं होतं. जांभूळ, करवंद, जास्वंद, लाल कोबी, सगळ्यांत एकाच कुळातले रंग. आंबट लागलं की लाल, चुना लागला की निळसर हिरवे. त्यात अपवाद नाही, निदान तिनं बघितलेला नाही. आणि डब्यातलं फळही त्याच कुळातलं होतं. असाई. अमेझॉनच्या वर्षावनात ताडासारख्या उंच, बारीक झाडांना झुबक्यांनी लागणारं, करवंदाएवढं काळंजांभळं फळ. तिनं ते झाड कधी बघितलं नव्हतं. वर्षावनही बघितलं नव्हतं. बाभळी, लिंब आणि बांधावरच्या बोरी बघत वाढलेल्या माणसाला जिथं जमिनीवर ऊन पोचत नाही असं रान कल्पनेतही नीट उभं करता येत नाही, कुठूनतरी मधेच उघडं आभाळ शिरतंच. पण शोधनिबंध तिनं वाचले होते, आणि वाचताना ती कुणाला फसू देत नसे, स्वतःलाही नाही. काचेच्या बशीतल्या मेंदूपेशींना त्या फळाच्या अर्कानं आधार दिलेला दिसत होता. म्हाताऱ्या उंदरांना चक्रव्यूहातली वाट जरा बरी आठवत होती. माणसांवरचे प्रयोग थोडे, लहान, आणि एकमेकांशी पुरते न जुळणारे. म्हणजे आशा ठेवायला हरकत नाही आणि शपथ घ्यायला आधार नाही. हे सगळं स्पष्ट माहीत असूनही तिनं बंगळूरच्या एका दुकानातून भुकटी मागवली, कारण घरात अण्णा थांबायला लागले होते.

थांबणं ही अण्णांची जुनीच खोड. बाबूराव सर म्हणून ते इथल्या शाळेत पस्तीस वर्षं विज्ञान शिकवत होते, आणि त्या पस्तीस वर्षांतलं कुठलंही महत्त्वाचं वाक्य त्यांनी स्वतः पुरं केलं नव्हतं. "हळद पिवळी. चुना पांढरा. दोन्ही कालवलं की रंग होतो..." आणि खडू हवेत, भुवया कपाळावर. वर्ग खिदळायचा, कुणीतरी बोलेपर्यंत सर हलायचे नाहीत. मग हलकेच, "आणि?" की चाळीस पोरं ओरडायची, "लाल!" त्या वर्गात पहिल्या बाकावर अक्षराही होती. घरात अण्णा आणि शाळेत सर, अशी दोन माणसं तिनं अगदी वेगळी ठेवली होती, आणि सरांचं वाक्य पुरं करायचा मान शक्यतो दुसऱ्या कुणाला मिळू द्यायचा नाही, असा तिचा तेव्हाचा बाणा होता. आज गावातले निम्मे दुकानदार त्यांचे विद्यार्थी. एसटीचा कंडक्टर तिकीट फाडून हातात देताना म्हणायचा, "सर, आणि?" आणि अख्ख्या गाडीत हसू फुटायचं.

गेल्या पंचमीच्या आधी ती त्यांना घेऊन महांतप्पाच्या कापडदुकानात गेली होती, आत्याला लुगडं घ्यायला. महांतप्पा म्हणजे सरांचा जुना, मार खाऊन शिकलेला विद्यार्थी. त्यानं गादीवरून उठून पाया पडून विचारलं, "ह्या ताई कोण म्हणायच्या, सर?" अण्णा म्हणाले, "ही माझी मुलगी..." आणि थांबले. हात हवेत. भुवया वर. पंख्याखाली सुटी लुगडी फडफडत होती. अक्षरानं जुन्या सवयीनं, पहिल्या बाकावरून द्यावं तसं उत्तर दिलं, "अक्षरा." महांतप्पा खदखदून हसला. "बगा, सर अजून बी पेपर घ्यायलेत! स्वतःच्या पोरीचा बी!" सगळे हसले, अण्णाही हसले. फक्त त्यांच्या हवेतल्या हाताची बोटं एकमेकांवर घासत होती, खडू होता तिथं खडू नाही हे आत्ताच कळल्यासारखी. घरी येताना लुगड्याची पिशवी त्यांनी छातीशी धरली होती. अक्षरा पुढं स्कूटी चालवत होती आणि तिला मागं वळून त्यांचं तोंड बघायचं होतं, पण समोर ट्रक होते.

त्या दिवसापासून तिला त्यांचं थांबणं सोसेना. प्रश्न आहे की पोकळी आहे, हे बाहेरून ओळखायची कसलीच खूण नव्हती. हात तोच, भुवया त्याच. मग ती थांबूच द्यायची नाही. ते "आज जेवायला..." म्हणाले की ती "शेवग्याची आमटी" म्हणायची. ते "तो आपला..." म्हणाले की ती तीन नावं पुढं करायची. सोलापूरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं होतं, वयाच्या मानानं जरा जास्त आहे, घाबरू नका, चालू द्या, बोलू द्या, झोपू द्या, सहा महिन्यांनी या. तिला हे उत्तर पुरलं नाही. ज्याला सूत्र लिहिता येईल असं काहीतरी तिला हवं होतं. आई गेली तेव्हा ती नववीत होती आणि तिला कुणी काहीच करू दिलं नव्हतं, नुसतं शेजारच्या घरी नेऊन बसवलं होतं. आता ती शिकलेली होती. सर तिच्या डोळ्यांपुढं एकेक वाक्य गमावत जाणार आणि ती सहा महिने थांबणार, हे शक्य नव्हतं. तिला त्यांना ठेवून घ्यायचं होतं. जेवढं ठेवता येईल तेवढं, पण ठेवून घ्यायचं.

आणि फरक पडत होता! हेच तर होतं. पहिले दोन आठवडे काही नाही, तिसऱ्यापासून हळूहळू, आणि मग तर अण्णा सकाळी तिच्या आधी टेबलाशी येऊन बसायला लागले. काल काय जेवलो ते सांगायचे, न विचारता. एकदा तर त्यांनी तिच्या दहावीतल्या एका चुकीची नक्कल केली, गुरुत्वाकर्षणाच्या जागी गुरुत्वाकर्षक लिहिल्याची. कप संपेपर्यंत ती समोर बसायची आणि दोघं बोलायची. पंधरा दिवसांपूर्वी तिनं लॅबमधल्या हर्षालीला सांगून टाकलं होतं, "फरक पडतोय." एरवी दोनदा तपासल्याशिवाय हिमोग्लोबिनचा आकडाही न सांगणारी ती, इतक्या सहज बोलली की नंतर तिचं तिलाच नवल वाटलं.

"मग माझ्या सासूबाईंसाठी मागवलंस का डबा?" लॅबच्या दारातच हर्षालीनं विचारलं. "त्या रोज मला मोठ्या जावेच्या नावानं हाक मारतात. मला वाटतं मुद्दाम मारतात, पण एकदा फळ देऊन बघू."

"थांब जरा," अक्षरा म्हणाली. तिनं पुडी सोडली, परीक्षानळीत भुकटी पाण्यात हलवली. सुरेख जांभळा रंग आला, जरा जास्तच सुरेख. मग कॉस्टिक सोड्याचा एक थेंब. जांभळा. दुसरा थेंब. जांभळा. तिनं नळी खिडकीकडं धरली.

"पेशंट कोण?" हर्षालीनं मान लांब केली.

"सरबत."

"म्हणजे?"

"म्हणजे ह्यात फळ नाही. कृत्रिम रंग आहे. हे मेलं तरी हिरवं होणार नाही."

दिवसभर ती रागात होती, आणि रागात तिचं काम उत्तम झालं. शिरा पहिल्याच टोचणीला सापडल्या, एक चिडका ड्रायव्हर तर सुई लागलीच नाही म्हणून दोनदा दंडाकडं बघून गेला. रागाला एक सोपेपणा असतो. बंगळूरचे ते चोर, त्यांचं ते गुळगुळीत लेबल, त्यावरचं हिरवंगार रान. दुपारी डब्यातली भाकरी मोडताना तिनं तक्रारीची वाक्यं जुळवून ठेवली. पण वाक्यांच्या मधल्या फटींतून दुसरंच काहीतरी वर येत होतं. भुकटी खोटी होती, ठीक. मग फरक? तो कशानं पडला? की पडलाच नव्हता? तिनं स्वतःच ठरवून बघितला? तिच्या मनात येरमाळ्याचं रान आलं, का ते तिला कळलं नाही. चैत्री पुनवेच्या यात्रेत लोक तिथल्या रानातले चुन्याचे खडे वेचतात आणि येडाई देवीच्या ढिगावर टाकतात, त्याचा चुना देवळाला लागतो. ती सात वर्षांची असताना आत्यानं तिला नेलं होतं. आत्याचं सासर येरमाळ्याचं. वाकलेली माणसंच माणसं, रानभर, आणि जो तो हाताला येईल तो खडा उचलून पुढं सरकत होता. अक्षरा मात्र एका जागी बसून खिशातून आणलेलं अर्धं लिंबू प्रत्येक खड्यावर पिळत होती. बुडबुडे आले तर चुना, नाही आले तर फेक. अण्णांनीच शिकवलं होतं. पालखी पुढं गेली तरी हिच्या ओच्यात जेमतेम मूठभर खडे. आत्या कपाळावर हात मारून हसली होती. "अगं येडे, तुझ्या हिशोबानं देऊळ चुनायचं म्हनलं तर देवी म्हातारी व्हईल!" तेव्हा तिला अपमान वाटला होता. लिंबू पिळलेलेच खडे खरे, हे मत तिनं अजून बदललेलं नव्हतं. मग गेले इतके दिवस तिनं लिंबू कुठं ठेवलं होतं?

संध्याकाळी ती घरात शिरली ती थेट ओट्याशी. अण्णा पुढच्या गच्चीत खुर्ची टाकून रस्त्याकडं बघत बसले होते. आत्या भाजी निवडत होती. अक्षरानं काळ्या झाकणाचा डबा उचलला.

"टाकू नगं," आत्या म्हणाली. "डबा चांगला हाय. मेथ्या ऱ्हातेल."

"आत्या, ह्यात खोटी भुकटी आहे. फसवलं आपल्याला त्यांनी. मी तक्रार करणार आहे. चार लोकांना कळेल अशी."

"कुनाचं नाव घालून?"

"त्या कंपनीचं. अजून कुणाचं?"

आत्याच्या हातातली काडी मोडली. तिनं निवडलेली भाजी आणि देठ पुन्हा एकत्र केले, मग वेगळे केले. आत्याला खोटं बोलता येत होतं, पण ते फार लांब रेटता येत नव्हतं. "त्येंचं नगं घालू," ती म्हणाली.

"का?"

"म्या येडाईच्या रानात खडं वेचल्यालं हात हायती ह्ये. दुसऱ्याच्या माथी आळ घालून त्या रानात मला पुन्यांदा उभं ऱ्हाता येयाचं न्हाय. त्येंचं खरं हुतं, पोरी. लई कडसर. तेलकट वास यायचा त्येला. ते संपलं."

"संपलं कसं? अजून महिनाभर पुरायला हवं."

"तू सकाळी पाजून जायाचीस. दुपारी बाबू झोपून उठला की म्हनायचा, अक्के, पोरीनं आज फळाचं दिलंच न्हाय. म्या म्हनायची, घेतलंस की रं. न्हाय म्हनायचा. पुरावा दाव म्हनायचा! आता कप तर म्या धुवून ठेवल्याला. कुठला पुरावा दावू? मग द्यायची. चार वाजता पुन्यांदा त्येच."

अक्षरा स्टुलावर बसली. डबा मांडीवर.

"असाच बसल्याला त्यो," आत्या हळू आवाजात म्हणाली. "डबा रिकामा झाला त्या दिशी. झाकण काढून, आत बघत. लई येळ. मग म्हनला, अक्के, ही सगळी म्याच प्यालो व्हय? म्हनलं, व्हय. तर म्हनला, अक्षीला कळू दिऊ नगंस, तिचा जीव हाय ह्यात. दुकानातनं जांभळाच्या सरबताची पूड आण, ह्या डब्यात भर. रंग जुळतो."

"असं म्हणाले? रंग जुळतो?"

"व्हय. आन् रोज सकाळी तुझ्या आधी उठून बसायला लागला. म्हनायचा, पोरगी इचारती, तयारी करून बसाया पायजे. रातीला मला इचारून ठिवायचा, अक्के, आज काय जेवलो आपुन?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून ट्रकांचे हॉर्न येत होते. अक्षराच्या डोक्यात सगळं एकापुढं एक, शांतपणे बसत गेलं. फरक दिसला तो फळ संपल्यावर. तिसरा आठवडा, चौथा, ती नक्कल, ते हसणं, सगळं सरबताच्या दिवसांतलं. स्मरणशक्ती राखायला आणलेलं फळ विसरण्यानंच संपवलं होतं, आणि मग ते माणूस रोज रात्री अभ्यास करून सकाळी तिच्यापुढं परीक्षेला बसत होतं. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. त्याऐवजी एक फार जुनी, तरतरीत भावना आली. प्रयोग फसला आहे आणि का फसला ते दिसतंय, तेव्हा येते ती. तिनं झाकण उलटं केलं. आट्यांच्या फटीत तपकिरी-जांभळं काहीतरी घट्ट चिकटून वाळलं होतं. तिनं वास घेतला. तेलकट.

केसातली पिन, एक बशी, आत्याची चुन्याची डबी आणि पेलाभर पाणी घेऊन ती गच्चीत गेली. अण्णांच्या समोर जमिनीवर बसून पिनेच्या टोकानं झाकणाचे आटे खरवडायला लागली.

"काय चाललंय?" अण्णांनी विचारलं.

"प्रयोग."

खुर्ची पुढं सरकली. बशीत कणभर भुकटी पडली. "पाणी बेतानं," ते म्हणाले. "नाहीतर रंग पळतो. थेंबभर घे, बोटानं. हां. आता चुना काडीनं लाव, कडेला, मधोमध नको. मधोमध लावला तर तुलना कशाशी करणार?" तिनं आगपेटीची काडी चुन्यात बुडवली आणि थेंबाच्या कडेला टेकवली. मळकट जांभळ्यात एक निळी कड उठली आणि बघता बघता ती हिरवी झाली, पावसाळी शेवाळासारखी, दाट.

"हिरवा!" अण्णा म्हणाले. स्वतःच म्हणाले, वर्गाची वाट न बघता. "म्हणजे फळ खरं होतं."

"खरं होतं."

"कुठलं म्हणालीस?"

"अमेझॉनचं. असाई." हे तिनं त्यांना कितीतरी वेळा सांगितलं होतं. आत्ता सांगताना तिला जाणवलं, की आपल्याला घाई नाही. तिनं झाडाची उंचीही सांगितली, कमरेला दोर न बांधता सरसर वर चढणारी तिथली माणसंही सांगितली.

"आत्यानं सांगितलं मला," मग ती म्हणाली.

अण्णांनी मान हलवली. रस्त्याकडं बघितलं, परत बशीकडं. "फार दिवस लांबवलंच तसं," ते म्हणाले. "सरबत फार गोड होतं."

"अण्णा, सकाळी तुम्ही कप मुद्दाम चुन्याजवळ ठेवलात ना? मला कळावं म्हणून?" बोलता बोलताच तिला उमगलं की हे तर ती उत्तरच पुरवतेय, पहिल्या बाकावरून. तिनं प्रश्न पुसला आणि पुन्हा लिहिला. "कप तिथं का ठेवला होता?"

अण्णा थांबले. हात खुर्चीच्या दांडीवरून जरा वर उचलला गेला. भुवया वर गेल्या. अक्षराच्या जिभेवर तीन उत्तरं तयार होती, एकापेक्षा एक बरी, त्यांना शोभणारी. तिनं ती गिळली. रस्त्यावरून एक ट्रक गेला, मग दुसरा, मग एसटी. आत कुकरची शिट्टी झाली. बशीतला हिरवा कडेकडेनं पिवळा पडायला लागला होता. चुन्यात हा हिरवा टिकत नाही, रेणूच उघडतो. तिला ते माहीत होतं, पण प्रयोग करताना इतका वेळ ती कधी बसून राहिलीच नव्हती. अण्णांचे डोळे हलत होते. शोधणाऱ्या माणसाचे डोळे कसे हलतात ते तिनं वर्षभरात पहिल्यांदा नीट बघितलं, कारण वर्षभर ती मधे बोलत होती. त्यात भीती असेल असं तिला वाटलं होतं. भीती होतीही, पण थोडी. बाकी सगळं काम होतं.

"आठवत नाही," अण्णा म्हणाले.

वर्गात एखाद्या पोरानं अवघड काही विचारलं तर ते "माहीत नाही, बघू या" म्हणायचे. अगदी तोच आवाज होता. "ठेवलाही असेल मुद्दाम. मला शोभलं असतं ते. पण आठवत नाही."

"आणि?" अक्षरा म्हणाली.

अण्णांनी तिच्याकडं बघितलं, आणि मग त्यांना इतकं हसू आलं की आत्या हातात झारा घेऊनच बाहेर आली. "आणि हे पिवळं पडलं बघ!" ते बशीकडं बोट दाखवत म्हणाले. "तू हिरव्यावरच उठणार होतीस. कायम घाई!"

रात्री जेवताना तिनं त्यांना सरळच विचारलं, की फळ बंद होतं तेव्हा तुम्ही बरे दिसत होतात, ते कशानं. अण्णांनी घास थांबवून विचार केला. साखरेनं असेल, ते म्हणाले. आत्या म्हणाली, रोज रातीच्या उजळणीनं. अक्षराला वाटलं, समोर बसून बोलण्यानं, किंवा मला तसं बघायचं होतं म्हणून. कुणाकडंच पुरावा नव्हता, आणि तिघंही आपापल्या मतावर ठाम राहून जेवली. फळ काही करत नाही, असंही ह्यातून निघत नव्हतं. त्याची तर नीट परीक्षाच झाली नव्हती. हर्षालीला तिनं कळवून टाकलं, डबा मागवू नकोस, आमच्या घरून काहीच सिद्ध झालेलं नाही. हर्षालीनं लगेच उत्तर पाठवलं, आमच्याकडं झालं, आज सासूबाईंनी मला बरोबर नावानं हाक मारली, भांडी घासायला.

रविवारी अक्षरा बाजारातून जांभळं घेऊन आली. टपोरी, पिकून फुटायला आलेली, कुंडलापूरच्या बांधावरची की कर्नाटकातली, ते विकणाऱ्या बाईलाही सांगता येईना. रंगाचं कूळ तेच. सकाळी तिघांनी टेबलाशी बसून खाल्ली. अण्णांनी बिया बशीच्या काठावर ओळीनं लावल्या. दुपारी झोपून उठल्यावर ते बाहेर आले, आणि आत्यापुढं उभं राहून म्हणाले, "अक्के, अक्षीनं आज फळ दिलंच नाही."

आत्यानं अक्षराकडं बघितलं. "दिलं की रं. सकाळी."

"नाही."

"घेतलंत, अण्णा," अक्षरा म्हणाली.

"पुरावा?" अण्णांनी विचारलं. त्यात हट्ट होता आणि हट्टाखाली, अगदी तळाशी, सकाळ कुठं गेली हे न सापडलेल्या माणसाची धांदल होती. तिला ती दिसली. बियांची बशी आत्यानं सवयीनं कधीच धुवून टाकली होती. अक्षरानं हात धुवायच्या जागेवरच्या आरशाकडं बोट केलं आणि स्वतःची जीभ बाहेर काढून दाखवली.

अण्णा आरशापुढं गेले. चष्मा वर केला, खाली केला. मग जीभ काढली. शेंड्यापासून मुळापर्यंत गडद जांभळी. सूक्ष्मदर्शकाखालची काच बघावी तसे ते बराच वेळ ती बघत राहिले, डावीकडून, उजवीकडून. आत्या पदर तोंडाला लावून हसत होती. मग जीभ तशीच बाहेर ठेवून ते वळले. हात हवेत आला. भुवया कपाळावर गेल्या. जीभ बाहेर असताना माणसाला "आणि?" म्हणता येत नाही, पण अक्षराला ते स्वच्छ ऐकू आलं.

तिनं टोपलीतलं एक टपोरं जांभूळ निवडलं आणि त्यांच्या हवेतल्या हातावर ठेवलं, बरोबर खडू असायचा तिथं.